ओळ का सुटते? – वाचन, पडदा आणि उजेड

वाचनाविषयी आपल्या स्मरणिकेत दरवर्षी काही ना काही लिहिले जाते. काय वाचावे, किती वाचावे, बाबासाहेबांचे वाचन कसे होते, यावर जाणकारांनी पुष्कळ सांगितले आहे व ते योग्यच आहे. परंतु हे काम ज्या अवयवाकडून आपण करून घेतो, तो डोळा त्या वेळी नेमके काय करीत असतो याची चर्चा सहसा होत नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून येथे तो थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली काही ठराविक तक्रारी करतात. ओळ सुटते. एकच वाक्य तीन-तीनदा वाचावे लागते. तासाभरात डोके जड होते, डोळे चुरचुरतात. मोठ्यांचे उत्तर तयारच असते : "तुझे मन लागत नाही", "मोबाईलने डोके बिघडवले". कधी कधी ते खरेही असते. पण ज्या घरात पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचते आहे, तेथील मुलाला असे चार वेळा ऐकविले की त्याला ते पटू लागते आणि वाचन हा आपला प्रांतच नव्हे, असा समज तो करून घेतो. तेव्हा निकाल देण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरचा दिवा आणि समोरचा पडदा तपासावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आम्ही नेत्रवैद्य नव्हे. कला शाखेचे पदवीधर, आणि पोटासाठी बँकेत दिवसभर पडद्यासमोर बसणारे. म्हणूनच या विषयाकडे वळलो आणि त्यातले जे प्रयोगांनी ठरलेले आहे तेच येथे देत आहोत.

वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जातो, जणू रुळावरून गाडी, असे आपल्याला वाटते. एकोणिसाव्या शतकापर्यंत विद्वानांनाही तसेच वाटत होते. १८७८-७९ च्या सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांनी डोळा ओळीवर झटक्याझटक्याने पुढे जातो, हे दाखवून दिले. या झटक्याला फ्रेंच भाषेत 'सॅकाद' म्हणतात व तेच नाव पुढे शास्त्रात रूढ झाले. वाचणाऱ्या डोळ्याचा इतका विचार करणारे जावाल पुढे काचबिंदूने स्वतः पूर्ण अंध झाले आणि त्यांनी अंधांसाठी पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी डोळ्यावर प्लास्टरची इवलीशी वाटी बसवून, तिला अ‍ॅल्युमिनियमची हलकी काडी जोडून, काजळी धरलेल्या कागदावर डोळ्याच्या हालचालीच्या रेघा उमटविल्या. डोळा बधिर करण्यासाठी त्या काळी कोकेनचे थेंब घालीत! ह्यूई यांचे वाचनावरील पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध झाले. आज हे काम डोळ्याला स्पर्श न करता कॅमेऱ्याने होते.

या साऱ्या मोजमापातून जे निघाले ते असे. डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग उडी मारून पुढे जातो आणि पुन्हा थांबतो. इंग्रजी वाचताना एक उडी सरासरी सात ते नऊ अक्षरांची असते व तिला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग पुरतो. वाचन होते ते थांब्यावर. उडीच्या वेळी मेंदू दृष्टी जवळजवळ मिटून घेतो. याचा पडताळा घरीच घेता येईल. आरशासमोर उभे राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे व मग उजव्या डोळ्याकडे पाहा. तुमचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभा असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. वर्गात करण्याजोगा दुसरा प्रयोग म्हणजे वर्तमानपत्राच्या पानाला मधोमध छोटे भोक पाडावे, एकाने पान वाचावे व दुसऱ्याने मागून भोकातून त्याचे डोळे पाहावेत. झटके मोजता येतात.

आणखी एक गोष्ट. डोळ्याच्या पडद्याचा मधला अगदी लहान भागच बारीक अक्षर नीट ओळखू शकतो. हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले तर त्या नखाएवढीच जागा खरी स्पष्ट दिसते. बाकीचे सगळे पुसट असते. पण ते निरुपयोगी नसते. अमेरिकेत मॅककाँकी व रेनर यांनी १९७५ पासून केलेल्या प्रयोगांत दिसून आले की, इंग्रजी वाचणारा थांब्याच्या डावीकडची तीन-चार अक्षरे आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतची जागा उपयोगात आणतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तेथे हे प्रमाण उलटे होते. म्हणजे पुढची उडी कुठे टाकायची याचा नेम डोळा त्या पुसट भागावरून आधीच धरतो. छोटे, नेहमीचे शब्द तर तो पुष्कळदा ओलांडूनच जातो, जशी जलद लोकल मधली स्टेशने सोडते. आणि दर दहा उड्यांपैकी एखादी मागच्या दिशेने असते. चांगल्या वाचकाचीही. तेव्हा मागे वळून पाहणे हा काही गुन्हा नव्हे; त्याचे प्रमाण वाढले की वाचन मंदावते.

सेकंदाला तीन-चार उड्या धरल्या तर तासाभराच्या वाचनात डोळा दहा-बारा हजार वेळा नेम धरतो. हा आकडा लक्षात ठेवावा. एका उडीतली चूक नगण्य असते. दहा हजार उड्यांत ती साठत जाते.

धम्मात डोळा, रूप आणि त्यांच्या संयोगाने होणारी जाणीव अशी पाहण्याच्या क्रियेची फोड केलेली आहे. पाहणे स्वयंभू नाही, ते कारणांवर अवलंबून आहे, हे आपल्याला वंदनेइतके परिचयाचे आहे. कागदावरील अक्षर आणि त्यावर पडणारा उजेड ही त्यातलीच कारणे होत.

आता उजेडाकडे वळू. उजेड अपुरा असला अथवा अक्षर फिकट असले की डोळा प्रत्येक थांब्यावर जास्त वेळ रेंगाळतो व उड्या आखूड होतात. पुसट झेरॉक्सवरून अभ्यास करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तथापि उजेड जितका जास्त तितके वाचन जलद, असेही नाही. तरुण निरोगी डोळ्याला एका मर्यादेपुढे जादा उजेडाचा फारसा लाभ होत नाही. वर्ग व वाचनालयांसाठी साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड पुरेसा मानतात. भर दुपारी उघड्यावर तो एक लाखापर्यंत जातो. उतारवयात मात्र गणित बदलते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या आपल्या ज्येष्ठ उपासक-उपासिकांना चाळिशी लावूनही अक्षर दिसत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा चष्म्याचा नसून दिव्याचा असतो.

उजेडाच्या प्रमाणापेक्षा त्याचे लुकलुकणे हा अधिक नाजूक विषय आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिगेला पोहोचतो, म्हणून तांब्याच्या जड चोकवर चालणारी जुनी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. आपल्याला ती अखंड दिसते. पण डोळ्याच्या व मेंदूच्या पेशींना हे कंपन जाणवत असते, असे विद्युत्-मोजणीतून आढळले आहे. एका उडीच्या अवधीत असा दिवा दोन-तीन वेळा कमी-जास्त होतो. जी उडी अंधुक सलग पट्ट्यासारखी निघून जायची, तिच्यात मग तुटक प्रतिमा उमटतात.

ब्रिटनमधील अर्नोल्ड विल्किन्स यांनी १९८६ साली हेच तपासले. सेकंदाला ५० वेळा ताजा होणारा पडदा आणि त्याच्या दुप्पट वेगाचा पडदा, तसेच साधी ट्यूब आणि सेकंदाला हजारो आवर्तनांवर चालणारी ट्यूब, अशा निरनिराळ्या स्थितींत त्यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. लुकलुकणे मंद असताना उड्यांची लांबी किंचित वाढते, असे त्यांना आढळले. पुढे स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात केनेडी व मरे यांना अशा उजेडात काही उड्या आखूड पडून डोळ्याला दुरुस्तीची छोटी उडी घ्यावी लागते, असे दिसले. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतील. आमच्या मते त्यातली समान गोष्ट अशी की, नेम ढळतो. १९८९ मध्ये विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्यालयातील ट्यूबचे चोक कर्मचाऱ्यांना नकळत बदलून पाहिले. उच्च आवर्तनांच्या इलेक्ट्रॉनिक चोकखाली डोकेदुखी व डोळ्यांच्या ताणाच्या तक्रारी सरासरीने निम्म्याहून कमी झाल्या. तक्रारी करणारे लोक तेच होते आणि त्यांचे कामही तेच होते.

एल.ई.डी. आल्यामुळे प्रश्न मिटला, असे समजू नये. चांगल्या एल.ई.डी. ट्यूबमध्ये प्रवाह सुरळीत करणारा भाग असतो व तिचा उजेड स्थिर असतो. स्वस्त मालात नेमकी तेथेच काटकसर केलेली असते आणि अशी ट्यूब जुन्या चोकच्या ट्यूबपेक्षाही जोराने लुकलुकू शकते. पारख करायला खर्च नाही. दिव्याखाली पेन्सिल दोन बोटांत धरून भराभर हलवावी. अखंड धूसर पंखा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यातील संथगती चित्रणात तर ते धडधडीत दिसते. आपल्या संस्थेने घाऊक खरेदी करताना एक नमुना आणून ही परीक्षा घ्यावी, मगच पैसे द्यावेत.

यापेक्षा ठळक आणि अस्सल आपल्याकडचा प्रकार म्हणजे पंख्याच्या वर लावलेला दिवा. छताला ट्यूब आणि तिच्याखाली पंखा, ही मांडणी कितीतरी सभागृहांत आहे. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर उजेड सेकंदाला १५ वेळा कापला जातो. पानावर सावल्यांची फडफड होते. सेकंदाला १५ ते २० या टप्प्यातील लुकलुक मेंदूला सर्वांत जास्त त्रास देते. फेफऱ्याची प्रवृत्ती असलेल्यांना तर ती धोक्याचीच. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील एका कार्टून मालिकेत सेकंदाला सुमारे १२ वेळा लाल-निळे झगमगणारे दृश्य दाखविले गेले आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. पंख्याची सावली इतकी भयंकर नसते. पण तिच्याखाली बसून "मन लागत नाही" म्हणणाऱ्या मुलाला दोष देण्याआधी दिवा पंख्याच्या पातळीखाली, भिंतीवर आणावा.

पडद्याची कथाही अशीच आहे. १९८० च्या दशकात बँका व कचेऱ्यांतून संगणक आले तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवी, ठिपक्याठिपक्यांची अक्षरे असत. त्या काळच्या बहुतेक प्रयोगांत पडद्यावरचे वाचन कागदापेक्षा मंद भरले. १९८७ मध्ये आय.बी.एम. कंपनीतील गूल्ड व सहकाऱ्यांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, कडा गुळगुळीत केलेली, ठळक अक्षरे देऊन पाहिली, तेव्हा पडदा कागदाच्या बरोबरीला आला. अर्थात अडचण अक्षर ज्या दर्जाचे उमटत होते त्याची होती. देवनागरीला ही बाब अधिकच लागू पडते. आपल्या लिपीत मात्रा व अनुस्वार वर, उकार खाली आणि जोडाक्षर मध्ये. ठिपके कमी पडले की अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि 'ध' व 'घ' यांचा फरक करताना डोळा अडतो. मोबाईलवर मराठी वाचताना अक्षर इंग्रजीपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठे ठेवावे, असे आमचे मत आहे.

फुगीर काचेचे ते पडदे आता गेले. आजचा सपाट पडदा सहसा तसा लुकलुकत नाही. मात्र अनेक मोबाईल, विशेषतः ओलेड पडद्याचे, प्रकाश कमी केला की तो मंद न करता सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा चालू-बंद करतात. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून अंधारात, सर्वांत कमी प्रकाशावर वाचणारा विद्यार्थी नेमका या प्रकारात सापडतो. काही फोनमध्ये लुकलुक कमी करण्याची सोय असते, ती चालू करावी. त्याहून बरे म्हणजे खोलीत छोटा दिवा ठेवून पडद्याचा प्रकाश मध्यम करावा.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे हा सध्याचा आवडता प्रकार. त्याने डोळ्यांना आराम पडतो, असा समज आहे. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे बुखनर व बाउमगार्टनर यांनी २००७ साली मुद्रणदोष शोधण्याच्या कामातून याची परीक्षा घेतली. खोलीत उजेड असो वा नसो, पांढऱ्यावर काळे हेच सरस ठरले. उजळ पडद्यामुळे बाहुली लहान होते व प्रतिमा रेखीव पडते, हे त्याचे कारण मानले जाते. तिरकस नंबर असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे फुटल्यासारखी दिसतात, हेही खरे. निळ्या प्रकाशापासून बचाव करणाऱ्या चष्म्यांची जाहिरात जोरात असते. उपलब्ध चाचण्यांचा २०२३ साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा ताण अशा काचांनी कमी होतो असे दिसले नाही. ते पैसे चांगल्या दिव्याला लावावेत.

चुरचुरण्याचे कारण तर अगदी साधे आहे. जपानमधील दोन नेत्रतज्ज्ञांनी १९९३ साली मोजून पाहिले. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर अवघ्या ७ वेळा पापणी मिटतो. पापणी मिटली नाही की अश्रूंचा पातळ थर वाळतो, अक्षर पुसट होते आणि डोळा पुन्हा थांब्यावर रेंगाळतो. पंख्याचा झोत तोंडावर असेल तर आणखीच. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर, वीस सेकंद पाहावे असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे, तो पाळायला सोपा आहे. पडदा नजरेच्या किंचित खाली ठेवला तर डोळा कमी उघडा राहतो व कमी वाळतो.

सरकत्या पानाचा दोष वेगळा. पुस्तकात "तो मुद्दा डाव्या पानावर, खाली होता" ही आठवण डोळ्याला मागे उडी घेण्यासाठी उपयोगी पडते. मोबाईलवर बोटाने मजकूर सरकविला की ती खूणच नाहीशी होते. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात माहितीपर मजकूर आणि वेळेचे बंधन असताना कागदावरचे आकलन पडद्यापेक्षा सरस आढळले. आता आमच्या मुलांपुढे पेच असा की, बँकांच्या लिपिक पदाची प्राथमिक परीक्षा संगणकावर, एका तासात शंभर प्रश्न अशी होते. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. तेथे दोनदा ओळ सुटणे परवडत नाही. तेव्हा विषय समजून घेण्याचा अभ्यास कागदावर करावा आणि सराव चाचण्या मात्र मोबाईलवर न सोडविता संगणकाच्या मोठ्या पडद्यावरच द्याव्यात. लांबच लांब ओळीतून पुढच्या ओळीच्या आरंभी परतताना डोळा चुकतो, म्हणून उतारा वाचताना उंदराचा बाण ओळीच्या सुरुवातीशी ठेवण्याची सवय करावी.

येथे एक आक्षेप येतो. बाबासाहेबांनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरातले सगळे झोपलेले असताना दिव्याच्या अपुऱ्या उजेडात अभ्यास केला. मग आजच्या मुलांना एवढे चोचले कशाला? आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. बाबासाहेबांना सवड मिळताच त्यांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. कष्टाचा आदर करावा, पण गैरसोय जपून ठेवण्याचे कारण नाही. शिवाय त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांना मधुमेह व अधू दृष्टी यांनी किती छळले, हे चरित्रवाचकांना माहीत आहे.

आपल्या अभ्यासिकेपुरते बोलायचे तर मोठा खर्च नाही. टेबले अशी फिरवावीत की खिडकी बाजूला येईल. ती पडद्याच्या मागे आली तर डोळे दिपतात आणि समोर आली तर काचेत तिचे प्रतिबिंब पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून मिळावा. छतावरच्या उंच ट्यूबची संख्या वाढविण्यापेक्षा टेबलाजवळ दिवे द्यावेत, कारण लहान दिवा दुप्पट दूर गेला की त्याचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. जुने तांब्याचे चोक काढावेत. इमारतीला तीन फेजची जोडणी असेल तर शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घ्यावेत, म्हणजे एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो. हे काम अर्थात जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

एवढे करूनही एखाद्याची ओळ सुटतच राहिली, पान नाकाजवळ धरावे लागले किंवा अक्षरे दोन-दोन दिसू लागली, तर दिवा बदलण्यात आणखी वेळ घालवू नये. चष्म्याचा नंबर आलेला असू शकतो, अथवा जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकत्र वळविणारे स्नायू कमी पडत असतील. ही तपासणी सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात होते. जाताना मुलाने आपले नेहमीचे पुस्तक व मोबाईल बरोबर न्यावा आणि तो किती अंतरावर धरून वाचतो, हे डॉक्टरांना दाखवावे.